विहिरी अनेक, झरा एक

(वाचावयाचे शास्त्रभाग : निर्गम ७:१९–२४ आणि २ राजे २:१९–२२)



मिसर देशावर आलेल्या पहिल्या पीडेची कथा आपण पुष्कळदा ऐकली आहे. नदीचे पाणी रक्तरूप झाले, तीतील मासे मेले, पाण्यास दुर्गंधी सुटली, आणि ते कोणाच्याने पिववेना. इतका भाग आपल्या शब्बाथशाळेतील लहान मुलांसही ठाऊक असतो. परंतु त्याच अध्यायाच्या अखेरीस एक लहानशी गोष्ट लिहिली आहे, तिजकडे आपले लक्ष क्वचितच जाते. नदी बिघडली तेव्हा मिसरी लोकांनी काय केले? त्यांनी नदीच्या आसपास जमीन खणली व पिण्यास पाणी शोधले. त्यांच्या देशात राजवाडे होते, धान्याची कोठारे होती, रथ व घोडे होते. परंतु घसा कोरडा पडला तेव्हा त्यांस भूमीच्या पोटाकडेच वळावे लागले.

मनुष्याची रीत आजही हीच आहे. ओढ्याचे पाणी नासले की तो आड खणतो. आड आटला की बोअर पाडतो. वरचे बिघडले तरी खालचे चांगले असेल असा त्याचा भरवसा असतो. पण बंधूंनो, खालचेच पाणी नासले तर मग कोठे खणावयाचे? हा प्रश्न आज मी तुमच्यापुढे ठेवितो.

आपल्या महाराष्ट्राची बहुतेक भूमी काळ्या अग्निजन्य पाषाणाची आहे. पावसाचे पाणी मातीत मुरते, मुरमातून झिरपते, आणि त्या पाषाणाच्या फटीसांध्यांतून वाट काढीत विहिरीच्या झऱ्यास येऊन मिळते. हल्ली पुष्कळ गावी दारात नळ आला आहे ही आनंदाची गोष्ट. तथापि त्या नळाचे मूळ शोधीत गेले तर बहुधा ते एखाद्या विहिरीत किंवा बोअरमध्येच सापडते. यास्तव ज्यांच्या घरी नळ आहे त्यांनी हे प्रवचन आपणासाठी नाही असे समजू नये.

पहिली गोष्ट : पाणी डोळ्यांस निर्मळ व जिभेस गोड असले म्हणजे ते शुद्ध असतेच असे नाही.

इ. स. १८५४ साली लंडन शहराच्या सोहो नावाच्या भागात ब्रॉड स्ट्रीट म्हणून एक रस्ता होता. तेथे एका विहिरीवर पंप बसविलेला होता. त्याचे पाणी थंड, स्वच्छ व चवदार म्हणून प्रसिद्ध होते. त्या साली ऑगस्टच्या अखेरच्या रात्री तेथे पटकीचा भयंकर उद्भव झाला. तीन दिवसांत त्या रस्त्यावर व त्याच्या आजूबाजूस १२७ माणसे मेली. पुढे मृतांची संख्या सहाशेच्या वर गेली. त्या काळचे बहुतेक विद्वान म्हणत की, हा रोग घाणेरड्या हवेपासून होतो. डॉ. जॉन स्नो ह्यांस मात्र पाण्याचा संशय आला. ते घरोघर गेले व त्यांनी एकच प्रश्न विचारला : तुम्ही पाणी कोठले पीत होता?

उत्तरे विलक्षण आली. त्याच वस्तीत ५३५ निराश्रितांचे एक अनाथगृह होते. त्याच्या चारी बाजूंनी प्रेते निघत असता त्यातील केवळ पाच माणसे पटकीने मेली. कारण त्या गृहाची स्वतःची विहीर होती. उलट कित्येक मैल दूर, हवेशीर टेकडीवर राहणारी एक विधवा बाई मेली. तीस ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडत असे, म्हणून ती रोज ते पाणी मागवून घेई. सप्टेंबरच्या ७ तारखेस स्नो ह्यांनी हा पुरावा तेथील पंचांपुढे ठेविला, आणि दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला.

आता ह्या कथेचा जो भाग आपणास विशेष लागू पडतो तो ऐका. त्या वस्तीत हेन्री व्हाइटहेड नावाचा तिशीच्या आतील एक तरुण पाळक सेवा करीत होता. त्याने आपल्या मंडळीतील मरणोन्मुखांच्या उशाशी रात्री काढल्या होत्या. त्यास स्नो ह्यांचे म्हणणे मुळीच पटले नाही. ते खोटे ठरवावे ह्याच हेतूने तो चौकशीस निघाला. परंतु तो प्रामाणिक होता. त्याने त्याच त्या घरांची दारे पुनःपुन्हा ठोठावली, कोण प्याला व कोण प्याला नाही हे टिपून ठेविले. आणि जसजशी टिपणे वाढली तसतसे त्याचे मत बदलत गेले. शेवटी त्यानेच रोगाचे मूळ शोधून काढिले. पंपासमोरच्या घरात पाच महिन्यांचे एक बालक सर्वांच्या आधी आजारी पडले होते. आईने त्याची दुपटी बादलीत धुऊन ते पाणी घरापुढच्या शौचकूपात ओतले होते. तो कूप खणून पाहिला तेव्हा त्याच्या विटा ढासळलेल्या आढळल्या. आणि त्याच्यामध्ये व विहिरीमध्ये तीन फुटांचेसुद्धा अंतर नव्हते!

त्या आईने काही दुष्टपणा केला काय? नाही. आजारी लेकराची सेवा करणाऱ्या कोणत्याही आईने जे केले असते तेच तिने केले. परंतु जमिनीखाली काय चालले आहे हे तीस ठाऊक नव्हते, आणि ज्यांस ठाऊक असावयास पाहिजे होते त्यांनी कधी खणून पाहिले नव्हते. पुढे इ. स. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख ह्या जर्मन शास्त्रज्ञास आपल्याच देशात, कलकत्त्याच्या एका तलावात, पटकीचे जंतू आढळले, आणि त्या तरुण पाळकाने दारोदार फिरून जे जाणले होते ते सूक्ष्मदर्शक यंत्राखाली दिसले.

ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा मला माझी लाज वाटली. ती का, हे आज तुमच्यापुढे सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका खेड्यात श्रावण महिन्यात मी एका तान्ह्या मुलीस मूठमाती दिली. तीस तीन दिवस जुलाब झाले होते. तिच्या आईच्या डोळ्यांत पाहण्याचे धैर्य मला नव्हते. म्हणून मी ईयोबाच्या तोंडचे वचन म्हटले, देवाने दिले व देवानेच नेले असे सांगितले, आणि घरी आलो. पंधरा दिवसांनी त्याच आळीत दुसरे लेकरू गेले. तेव्हा आरोग्यसेविकेने विहिरीचे पाणी तपासणीच्या बाटलीत भरून ठेविले. दुसऱ्या दिवशी ती बाटली शाईसारखी काळी झाली. विहिरीच्या वरच्या अंगास, दहा पावलांवर, नव्या शौचालयाचा खड्डा होता. आणि तो खणण्यास जागा मीच दाखविली होती, कारण तेथे माती भुसभुशीत होती व खणण्याची मजुरी कमी पडणार होती.

बंधूंनो, त्या पहिल्या मुलीचा मृत्यू त्याच पाण्याने झाला किंवा नाही हे मी ह्या जगात सिद्ध करू शकत नाही. परंतु एवढे मी शिकलो : जो दोष आपल्या खड्ड्याचा आहे तो परमेश्वराच्या इच्छेवर घालणे हे सांत्वन नव्हे, ते त्याचे नाव व्यर्थ घेणे होय. जेथे उत्तर मनुष्याने द्यावयाचे आहे तेथे उपदेशकाने देवास पुढे करू नये.

दुसरी गोष्ट : प्रत्येक विष उकळून जात नाही.

पाणी उकळावे असे आपण शिकविले आहे, आणि ते योग्यच आहे. कारण उकळल्याने रोगजंतू मरतात. परंतु काही पदार्थ असे आहेत की ते अग्नीस भीत नाहीत. शेतात गरजेपेक्षा अधिक टाकलेला युरिया, विहिरीलगतचा उकिरडा, गोठ्याचे मूत व शौचालयाचा निचरा ह्यांपासून नायट्रेट नावाचा क्षार तयार होऊन पाण्याबरोबर खाली उतरतो. त्यास रंग नाही, वास नाही. असे पाणी उकळले तर वाफ निघून जाते व क्षार मागे राहून अधिकच दाट होतो. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात तो एका लिटरास ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा. इ. स. १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा प्रांतात डॉ. कॉम्ली ह्यांनी दाखवून दिले की, शेतावरच्या विहिरीचे असे पाणी घालून केलेले दूध पाजल्याने तान्ही मुले निळी पडत होती. त्यांच्या रक्तास प्राणवायू वाहून नेता येत नव्हता. वरचे दूध पिणाऱ्या सहा महिन्यांच्या आतील बालकास ह्याचा धोका सर्वांत मोठा. आईच्या अंगावर पिणारे मूल ह्यापासून बहुतेक सुरक्षित असते. आयांनो, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

दुसरी काही विषे भूमीच्या पोटात मूळचीच असतात. यवतमाळ व चंद्रपूर ह्या जिल्ह्यांतील कित्येक गावी खडकातून फ्लोराइड पाण्यात उतरते. लिटरास दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आल्यास मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, आणि प्रमाण फार वाढल्यास पुढे हाडे व सांधे ताठरतात. बंगालची कथा ह्याहून दुःखाची आहे. तेथे तळ्यांचे घाणेरडे पाणी पिऊन मुले मरू नयेत ह्या चांगल्या हेतूने नलिकाकूप खोदण्यात आले. पाणी स्वच्छ निघाले. परंतु त्यात सोमल होता. इ. स. १९८३ मध्ये कलकत्त्याच्या वैद्यांस त्या पाण्याने पीडित झालेले पहिले रोगी ओळखता आले, इ. स. १९९३ मध्ये बांगलादेशातही तेच आढळले. तळहात व तळपाय खरखरीत होणे, अंगावर डाग पडणे, आणि पुष्कळ वर्षांनी कर्करोग, अशी त्याची गती आहे. मग एकेक कूप तपासून चांगल्यास हिरवा व वाइटास तांबडा रंग देण्यात आला.

जन्मांधास पाहून शिष्यांनी प्रभूस विचारले होते की, पाप कोणाचे? प्रभूने दोष शोधण्याचा तो मार्गच बंद केला. खडकातील विषाविषयीही दोष कोणाचा हे विचारू नये. परंतु तपासल्यावाचून लेकरांस ते पाजीत राहिलो, तर मात्र दोष आपला. चांगला हेतू पुरेसा नाही. चांगल्या कामाचीही परीक्षा पाहावी लागते.

तिसरी गोष्ट : पाण्यात राहणाऱ्यांचाही देवाने विचार केला आहे.

मिसरच्या कथेत मनुष्ये तहानेली झाली त्याच्या आधी मासे मेले, हे विसरू नका. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात परमेश्वराने पहिला आशीर्वाद दिला तो मनुष्यास नव्हे; जलचरांस व पक्ष्यांस दिला. आपण सहाव्या दिवशी आलो. ते आपल्या आधीचे आहेत.

कोणी म्हणेल, जमिनीखालच्या पाण्याचा माशांशी काय संबंध? फाल्गुन-चैत्रात आभाळ कोरडे असता ओढ्यात जे थोडे पाणी वाहते ते कोठून येते? ते भूमीतूनच पाझरते. शिवारात मुरलेले खत त्याबरोबर ओढ्यात उतरते. त्यावर शेवाळ व जलपर्णी माजते. ती मरून कुजू लागली म्हणजे पाण्यातील प्राणवायू संपतो. पहाटेच्या वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करितात हे तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिले असेल. काही मुले तेव्हा आनंदाने टोपल्या घेऊन धावतात. पण ते मासे गुदमरत असतात. आणि फवारणीचा पंप जर कोणी ओढ्यात किंवा विहिरीच्या काठी धुतला, तर त्यांस गुदमरण्याइतकाही अवकाश मिळत नाही.

केरळातील कोट्टयम येथील विहिरींत एक लहान तांबूस मासा सापडतो. इ. स. १९५० मध्ये शास्त्रज्ञ मेनन ह्यांनी त्याचे वर्णन करून त्यास होराग्लॅनिस कृष्णाई असे नाव दिले. त्यास डोळे नाहीत. भूमीखालच्या काळोख्या झऱ्यांतच तो जन्मतो व मरतो. जेथे मनुष्याची दृष्टी पोचत नाही तेथेही सृष्टिकर्त्याने जीव ठेविला आहे. आपण वर ओततो ते त्याच्या घरात जाते, आणि त्यास दुसरे घर नाही.

चौथी गोष्ट : जमिनीखाली बांध नाही.

शेताला बांध असतो, अंगणाला कूड असते, आळीआळींत भेद असतो. परंतु हे सर्व वरचे. खाली पाणी कोणाचा सातबारा पाहत नाही. माझ्या परसातला खड्डा उताराने शेजाऱ्याच्या पोहऱ्यात उतरतो. आपला शेजारी कोण, हा प्रश्न एका शास्त्र्याने प्रभूस विचारला होता. विहिरीवर राहणाऱ्यास त्याचे उत्तर सोपे आहे : ज्याची विहीर माझ्या घराच्या खालच्या अंगास आहे तो माझा शेजारी.

आपल्यापैकी पुष्कळांच्या आजापणजांस गावच्या विहिरीची पायरी चढू दिली जात नव्हती. दुसऱ्या कोणी पाणी वाढावे म्हणून त्यांच्या बायका उन्हात घागर घेऊन तिष्ठत उभ्या राहत. इ. स. १९२७ च्या मार्चच्या २० तारखेस महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्याबरोबरच्या हजारो लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा पाणी विटाळले असे काही लोकांनी मानिले. आणि शेण, गोमूत्र, दूध व दही ह्यांच्या घागरी ओतून त्यांनी ते तळे शुद्ध करून घेतले. पाहा, मनुष्याच्या ओंजळीने जे बिघडले नव्हते ते शुद्ध करण्याकरिता त्यांनी त्यात काय घातले!

परंतु त्यांस हसण्यापूर्वी आपण आपली विहीर पाहू या. शोमरोनी स्त्रीच्या हातचे पाणी मागणाऱ्या प्रभूचे आपण शिष्य म्हणवितो. पाण्यात नव्हता तो विटाळ आपण टाकिला हे चांगले झाले. परंतु पाण्यात खरोखर आहे त्या विटाळाविषयी आपण निश्चिंत बसलो, तर आपल्या आजीने ज्या पाण्यासाठी अपमान सोसला ते पाणी आपण नातवास विषारी करून देत आहो. यहेज्केल संदेष्ट्याच्या द्वारे परमेश्वराने त्या पुष्ट मेंढरांस दोष दिला, ज्यांनी स्वतः निर्मळ पाणी पिऊन उरलेले पायांनी गढूळ केले. आपण त्या कळपात सापडू नये.

शेवटची गोष्ट : अलीशा उगमापाशी गेला.

यरीहोच्या लोकांनी अलीशाजवळ येऊन सांगितले की, नगराची जागा रम्य आहे, परंतु पाणी वाईट आहे. त्यांची पहिली चांगली गोष्ट ही की, गावाची अब्रू जाईल म्हणून त्यांनी ते लपविले नाही. अलीशाने काय केले? त्याने घरोघरच्या घागरींत मीठ घातले नाही. तो झऱ्याच्या उगमापाशी गेला, आणि तेथे परमेश्वराच्या नावाने ते पाणी निरोगी झाले. चमत्कार करणे आपल्या हाती नाही. उगमापाशी चालत जाणे आपल्या हाती आहे.

म्हणून उपदेशकांस व मंडळीच्या पंचांस माझी विनंती आहे की, येत्या रविवारी उपासना संपल्यावर सर्वांनी मिळून विहिरीवर जावे. तेथून वरच्या अंगास पन्नास पावले चालत जाऊन काय काय आहे ते पाहावे. उकिरडा, गोठा किंवा शौचालयाचा खड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर, म्हणजे ५० फूट दूर व उताराच्या खालच्या बाजूस असावा. फुटक्या खडकाच्या जागी त्याहूनही दूर असावा, कारण फटीतले पाणी गाळल्यावाचून धावते. विहिरीस कठडा असावा, सभोवती निदान एक मीटर रुंद पक्का ओटा असावा, सांडलेले पाणी दूर जाण्यास नाली असावी. वरचे ६ मीटर बांधकाम चुन्या-सिमेंटाने असे बुजवावे की, पाणी बाजूंनी न शिरता तळातून यावे. फवारणीचा पंप व औषधाचे डबे तेथे कधीही धुऊ नयेत. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकास आदराने विचारावे की, पाणी शेवटचे कधी तपासले, क्षारांचा दाखला काय आला, आणि जंतुनाशक पूड नेमाने पडते काय. पूड टाकल्यावर एक तास तरी पाणी शेंदू नये. आणि जर खड्डा आपलाच निघाला, तर तो हलविण्याचा खर्च मंडळीने वाटून घ्यावा; ज्याचा आहे त्यास चारचौघांत लाजवू नये. मी ज्या खड्ड्याची जागा दाखविली होती तो आम्ही दोन दिवसांत बुजविला. कुदळ पहिल्याने त्या मुलीच्या बापाने घेतली. त्याने मला एक शब्दही बोलून दाखविला नाही, आणि तेच मला सर्वांत जड गेले.

बंधुभगिनींनो, पाप व पाणी ह्यांची एक रीत सारखी आहे. वरून जे झाकले ते खाली नाहीसे होत नाही. ते वाट काढीत जाते, आणि एक दिवस कोणा निष्पापाच्या ओठास लागते. ज्या प्रभूने तहानलेल्यास दिलेला गार पाण्याचा एक प्यालाही विसरला जाणार नाही असे सांगितले, तो आपण दिलेल्या प्रत्येक प्याल्याचा हिशेब पाहील. तो प्याला गार असावा एवढेच पुरे नाही. तो निर्मळ असावा.

हे पित्या, जे आमच्या डोळ्यांआड आहे ते पाहण्याची आम्हांस बुद्धी दे. ज्यांची लेकरे आमच्या निष्काळजीपणाने गेली त्यांची क्षमा मागण्याचे आम्हांस धैर्य दे. आमच्या गावचा झरा, त्यातील जीव व त्यावर जगणारी सर्व घरे तू राख, आणि ती राखण्याच्या कामी आमचे हात लाव. आमेन.